नमुन्यांइतक्याच त्यांच्या चिठ्ठ्याही जपा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहुण्यांना घेऊन जाणारी माणसे त्यांना शिल्पांपुढे उभे करतात, लघुचित्रे दाखवतात, टाटांच्या संग्रहातील चिनी-जपानी कलाकुसर दाखवतात आणि पाय बोलू लागले की निसर्ग-इतिहासाच्या दालनातून, सोबत लहान मूल असेल तर त्याला वाघ दाखवण्यापुरते, भरभर बाहेर पडतात. गेल्या महिन्यात मी माझ्या महाविद्यालयीन मैत्रिणींबरोबर तिथे गेले, तेव्हा आम्ही मुद्दाम क्रम उलटा ठेवला. आधी निसर्ग दालन आणि वेळ उरला तर बाकीचे, असे ठरले आणि वेळ काही उरला नाही. आम्ही सगळ्या एका वर्गात प्राणिशास्त्र शिकलो. पुढे मी तोच विषय शिकवत राहिले, एकीने पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवली, एक बँकेत गेली, एक मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. काचेच्या पेट्यांपुढे आमच्यात जो वाद रंगला तो माझ्या मनातून गेला नाही, आणि त्याचा विषय मुंबईतील एका दालनापुरता नसून राज्यातील अनेक जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांशी निगडित असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

वादाला तोंड फोडले ते बँकेतल्या मैत्रिणीने. रोहितांच्या थव्याचा देखावा, धनेश, गवा, वाघ असे पाहत आम्ही चाललो होतो. ती म्हणाली, "रोहित पाहायचे तर मी ऐरोलीला जाऊन बोटीत बसेन, हजारोंनी जिवंत दिसतील, धनेशाचे घरटे मोबाइलवर याहून चांगले दिसते. मग पेंढा भरलेल्या या पक्ष्यांचे आज काम काय?" प्रश्न रास्त होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेव्हा असे देखावे उभारले गेले तेव्हा शहरातल्या माणसाला जंगल दाखवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आपल्या संग्रहाचा काही भाग या संग्रहालयाला दिला आणि एस. एच. प्रेटर यांच्यासारख्या अभिरक्षकाने प्राणी नुसते रांगेत न मांडता त्यांच्या अधिवासासह मांडण्याची पद्धत इथे रुजवली. आज ती उणीव चित्रफितींनी भरून काढली आहे. केवळ दिसण्याचा मुद्दा असेल तर मैत्रिणीचे म्हणणे मान्य करावे लागेल.

परंतु मुद्दा दिसण्याचा नाही. संग्रहातल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर कोठे मिळाला, कोणत्या तारखेस, कोणी मिळवला, नर की मादी, एवढा मजकूर बारीक अक्षरात असतो. बाटलीतल्या नमुन्याची चिठ्ठी आतच सोडतात आणि ती पेन्सिलीने लिहितात, कारण साधी शाई फॉर्मालिनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टिकत नाही. टाचणीला टोचलेल्या कीटकाखाली तर नखाएवढ्या दोन-दोन चिठ्ठ्या असतात. प्रदर्शनातल्या पेटीवर जातीचे नाव, आढळ आणि सवयी एवढेच लिहायची रीत जगभर आहे. हा बाकीचा तपशील नोंदवहीत राहतो आणि पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मोबाइलवरच्या धनेशापेक्षा कपाटातल्या धनेशाचे मोल जास्त का, याचे उत्तर मात्र त्या तपशिलातच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या अमुक दिवशी अमुक गावच्या झाडीत हा पक्षी होता, याचा तो सदेह पुरावा असतो, आणि तो काळ पुन्हा कोणालाही चित्रित करता येणार नाही.

हे पटवून देण्यासाठी मी मैत्रिणींना रानपिंगळ्याची हकिगत सांगितली. ती आपल्या महाराष्ट्राची आहे आणि मराठी वाचकांना हवी तितकी ठाऊक नाही, म्हणून इथेही थोडी विस्ताराने सांगते. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढल्या दशकभरात त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने मिळाले. त्यांतले बरेचसे खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने जमवले होते. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा दिसेनासा झाला. अपवाद फक्त एका नमुन्याचा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील त्या पक्ष्याच्या चिठ्ठीवर तापीकाठचे मांडवी हे गाव आणि १९१४ हे साल होते. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनीही पुढे रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही, आणि ही जात नामशेष झाली असावी असे बहुतेकांनी धरून टाकले.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी १९९०च्या दशकात निरनिराळ्या संग्रहालयांतले हे मूठभर नमुने एकेक करून तपासले. पक्ष्याची कातडी सोलून त्यात कापूस भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. सरावलेल्या नजरेला ती हस्ताक्षरासारखी ओळखू येते. मांडवीचा म्हणवला जाणारा पक्षी उसवून पुन्हा भरलेला होता, तरी डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा त्यात शिल्लक होत्या. म्हणजे तो खानदेशातलाच जुना नमुना, लंडनच्या संग्रहातून चोरलेला आणि नवी खोटी चिठ्ठी लावून स्वतःच्या नावावर खपवलेला. ते एकदा उघड झाल्यावर मांडवीचे साल आणि गाव बाद झाले आणि डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या मुलखाकडे लक्ष वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले आणि तिथे, नंदुरबार जिल्हा अजून धुळ्यापासून वेगळाही झाला नव्हता तेव्हा, ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला, आणि तोही भर दिवसा, निष्पर्ण फांदीवर बसलेला. त्यानंतर तो तोरणमाळ, मेळघाट, यावल असा सापडत गेला आणि २०१४ मध्ये तर ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. एका खोट्या चिठ्ठीने अनेक वर्षे पक्षीशास्त्रज्ञांना भलतीकडे पाठवले आणि काही खऱ्या चिठ्ठ्यांनी त्यांना योग्य गावी आणून सोडले. आपण महाराष्ट्रात राहणारी माणसे या सगळ्यात कुठेच नव्हतो, ही बाब मला आजही बोचते.

पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने याला आणखी एक जोड दिली. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटू लागली तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील त्यांची जुनी अंडी तपासली आणि १९४७च्या सुमारापासून कवचे एकाएकी पातळ झाल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले. कवचे पातळ करणाऱ्या डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या पुराव्यांत त्या कवचांना मोठे स्थान मिळाले. ती अंडी पूर्वीच्या हौशी लोकांनी घरट्यांतून उचललेली होती, आणि त्या छंदाचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु प्रत्येक अंड्यासोबत तारीख होती. ती नसती तर तीच अंडी शोभेच्या कपाटात ठेवण्यापलीकडे कोणत्याच उपयोगाची राहिली नसती.

आता मूळ तक्रारीकडे येते. एका तालुक्याच्या गावातील जुन्या महाविद्यालयात मी काही काळ शिकवले. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण असेच प्रकार मी इतरत्रही पाहिले आहेत आणि एकीला दोष देऊन काही साधणार नाही. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात पूर्वीच्या प्राध्यापकांनी जमवलेला छान संग्रह होता. त्यातली एक बाटली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. फॉर्मालिन पिवळे पडलेले, तळाशी गाळ, आणि वेटोळे करून बसवलेल्या समुद्रसर्पाला चिकटून उभी राहिलेली चिठ्ठी, जिच्यावर पेन्सिलीने 'केळवे, जाळ्यात, जून १९५८' असे लिहिलेले काचेतूनही स्वच्छ वाचता येत असे. शेजारच्या फळीवर करवत माशाची हातभर लांब करवत होती. करवत मासा आज आपल्या किनाऱ्यावरून जवळपास नाहीसा झाला आहे आणि २००१ पासून त्याला कायद्याचे कडक संरक्षण आहे, त्यामुळे पाहणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष त्या करवतीकडेच जाई. तिच्यावर मात्र चिठ्ठी नव्हती. ती पालघरची की मालवणची, १९२०ची की १९७०ची, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. माझ्या दृष्टीने त्या फळीवरची मौल्यवान वस्तू तो रंग उडालेला साप होता.

पुढे मूल्यांकन समिती येणार म्हणून विभागाची रंगरंगोटी निघाली. कपाटे हलवली, बाटल्या 'नीटनेटक्या' दिसाव्यात म्हणून त्यांतले फॉर्मालिन बदलले, आतले जुने कागद काढून टाकले आणि बाहेरून संगणकावर छापलेली एकसारखी लेबले चिकटवली. त्यांवर जातीचे शास्त्रीय नाव, वर्ग, गण आणि महाविद्यालयाचे बोधचिन्ह होते. कोणी काही चुकीचे केले असे तिथे कोणालाच वाटले नाही. समितीनेही कौतुक केले. केळव्याचा जून १९५८ मात्र त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात गेला. पुढच्या खेपेस जागा कमी पडली तेव्हा बऱ्याच बाटल्याही निर्लेखित होऊन, म्हणजे नोंदवहीतून कमी करून, टाकल्या गेल्या. कातडीच्या नमुन्यांत भुंगेऱ्यांच्या अळ्या पडल्या होत्या, डांबराच्या गोळ्या कोणी बदललेल्या नव्हत्या, हे कारण दाखवण्यात आले आणि ते खोटेही नव्हते.

असे संग्रह पुन्हा जमणार नाहीत, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वन्यप्राणी मनास येईल तसे पकडून बाटलीत घालता येत नाहीत. महाविद्यालयांतून विच्छेदनही बंद झाले. दोन्ही निर्णय योग्य आहेत आणि त्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्यामुळेच जे आधी जमले आहे तेवढेच आपले भांडवल आहे. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये आगीत गेले तेव्हा सगळ्या देशाला हळहळ वाटली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. आपल्याकडची कपाटे मात्र धूर न निघता रिकामी होत असल्याने त्यांची बातमी होत नाही.

इथे एका जुन्या मित्रमंडळीची आठवण करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि दरमहा भेटून आपापल्या नोंदी एकमेकांना सांगाव्यात, मिळालेले नमुने दाखवावेत असे त्यांनी ठरवले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जन्म त्या बैठकीत झाला. त्या आठांत दोघे मराठी होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. साताऱ्यात जन्मलेले ई. एच. एटकिन हेही त्यांच्यापैकी एक. पुढल्या वर्षी हा पसारा एच. एम. फिप्सन यांच्या मद्याच्या दुकानातल्या खोलीत हलला. निसर्गाचा अभ्यास ही काही कोणा एका खात्याची कामगिरी म्हणून सुरू झाली नव्हती. फावल्या वेळात जमणाऱ्या स्नेह्यांनी तो सुरू केला आणि तो टिकला, कारण आणलेल्या प्रत्येक वस्तूसोबत त्यांनी गाव आणि तारीख लिहून ठेवली. सोसायटीच्या संग्रहात आज लाखाहून अधिक नमुने आहेत आणि देशोदेशीचे अभ्यासक ते पाहण्यासाठी मुंबईला येतात.

मुख्याध्यापिका मैत्रिणीचे म्हणणे वेगळे होते. तिच्या मते कपाटात चिठ्ठी जपली तरी ती समजावून सांगणारे कोणी नसेल तर मुलांना तिचा उपयोग नाही, आणि तिने सालिम अलींचेच उदाहरण दिले. १९२६ मध्ये याच संग्रहालयाच्या निसर्ग विभागात ते मार्गदर्शक व्याख्याते म्हणून रुजू झाले होते. शाळांच्या मुलांना दालनातून फिरवून प्राण्यांविषयी सांगणे हे त्यांचे काम होते. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला शिकायला गेले, आणि परतले तेव्हा पैशाअभावी ते पदच रद्द झालेले होते. किहीमच्या घरी राहून त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर जे संशोधन केले ते त्या बेकारीच्या काळातले. पक्षीशास्त्राचा त्यात फायदाच झाला हे खरे, पण व्याख्यात्याचे पद पहिल्यांदा कापायचे ही आपली खोड तेवढी जुनी आहे, हे तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. तरीही माझा आग्रह असा की सांगणारा उद्याही नेमता येईल. चिठ्ठी गेली तर त्याच्यापाशी सांगायलाच काही उरणार नाही. म्हणून आधी चिठ्ठीचे पाहावे.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. महाविद्यालयाला असा संग्रह सांभाळणे अशक्य असते, हेही खरे नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवलेल्या वनस्पतींचे कागद त्यांच्या मूळ नोंदींसह अनेक पिढ्या जपले गेले आहेत. इतरांना तेवढे जमणार नसेल तर निदान एवढे व्हावे की प्राणिशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र विभागांनी आपल्याकडील प्रत्येक नमुन्याचे आणि त्याच्या मूळ चिठ्ठीचे, आहे तशा अवस्थेत, छायाचित्र काढून ठेवावे. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात त्यासाठी लागणारे साधन आहे आणि प्रकल्पासाठी विषय शोधत तो वणवण फिरत असतो. नवे लेबल जरूर लावावे, पण जुने त्याच्यासोबतच राहू द्यावे, मग ते कितीही डागाळलेले असो. अक्षर लागत नसेल तर अंदाजाने सुधारून लिहू नये. प्रदर्शनात मांडलेल्या नमुन्याखाली गाव आणि साल यांची एक ओळ मराठीत वाढवली, तर पाहायला येणारा शाळकरी मुलगा 'हा आमच्या तालुक्यातला' म्हणून दोन मिनिटे जास्त थांबेल. आणि जे विभाग बंद होत आहेत किंवा ज्यांना जागाच नाही, त्यांनी संग्रह भंगारात काढण्याआधी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातील, आकुर्डी येथील केंद्राला पत्र लिहून विचारावे. त्यांना सगळेच घेता येईल असे नाही, पण कशात काही मोलाचे आहे का, हे त्यांच्या नजरेखालून गेलेले बरे.

शेवटची गोष्ट उच्च शिक्षण विभागासाठी. महाविद्यालयातील हे नमुने डेड स्टॉक रजिस्टरमध्ये टेबल-खुर्च्यांच्या शेजारी नोंदलेले असतात आणि त्यांचे निर्लेखनही मोडक्या खुर्चीच्याच नमुना अर्जावर, खरेदीची किंमत आणि आजची किंमत असे दोन रकाने भरून होते. समुद्रसर्पाच्या आजच्या किमतीच्या रकान्यात 'शून्य' असे लिहिलेले मी वाचले आहे. त्या अर्जात 'मूळ चिठ्ठीची नोंद व छायाचित्र घेतले आहे काय' असा एक रकाना वाढवावा आणि तो रिकामा असेल तर निर्लेखनास मंजुरी देऊ नये, एवढे परिपत्रक विभागाने काढावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापिका, ठाणे